मुदत, दंड आणि बक्षिसी

आमच्या सीमाभागात जून महिना दोन गोष्टी घेऊन येतो. एक पाऊस आणि दुसरी शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशाची धांदल. अशाच एका जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. तो एका विद्यापीठात पदव्युत्तर वर्गात शिकत होता. परीक्षेचा अर्ज भरावयास त्याला चार दिवस उशीर झाला होता, आणि त्याबद्दल त्याने विलंब शुल्क भरले होते. त्याविषयी त्याची तक्रार नव्हती. पण बोलता बोलता तो म्हणाला, "सर, आमच्या विभागाची इमारत दोन वर्षांपूर्वीच पुरी व्हावयाची होती. आम्ही अजून भाड्याच्या खोल्यांत बसतो. मी चार दिवस चुकलो तर मला दंड झाला. इमारत दोन वर्षे चुकली, तर तो दंड कोणी भरला?"

मी इतिहास शिकवितो. कायदा शिकवीत नाही, आणि बांधकामाचे ज्ञान तर मला गवंड्याच्या थापीइतकेही नाही. त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. परंतु शिक्षकाला विद्यार्थ्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे हे उसने पैसे परत न करण्यासारखे वाटते. म्हणून मी शोध घेऊ लागलो, आणि ध्यानात आले की हा प्रश्न त्या मुलापुरता नाही, आमच्या जिल्ह्यापुरताही नाही. काम उशिरा करणाऱ्याला शासन काय करावे, आणि वेळेआधी करणाऱ्याला काही द्यावे की नाही, हा वाद मनुष्याने पहिली भिंत दुसऱ्याकडून बांधून घेतली तेव्हापासूनचा असावा. आज त्याचाच थोडा मागोवा घेऊ.

प्रथम आमच्या भागातील विद्यापीठांची परंपरा आठवू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे जवळजवळ एक शतक बेळगावच्या मुलाला पदवीसाठी त्याच विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९४९ च्या कायद्याने कर्नाटक विद्यापीठ निर्माण झाले आणि ते धारवाडास स्थिरावले. त्याचा विस्तीर्ण परिसर ज्यांच्या कारकिर्दीत उभा राहिला ते कुलगुरू डॉ. दा. चिं. पावटे हे गोकाक तालुक्यातील ममदापूरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. १९५४ ते १९६७ एवढा दीर्घ काळ ते त्या पदावर होते. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले, १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ. निपाणीची मौज तर निराळीच आहे. गावाच्या वेशीवर अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीत आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. गावातील बागेवाडी महाविद्यालय कर्नाटकात. एकाच घरातील दोघे भाऊ दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांचे विद्यार्थी असू शकतात. अशा ठिकाणी विद्यापीठाची इमारत ही केवळ विटा-सिमेंटची गोष्ट राहत नाही. आपल्या मुलाला शिकण्यासाठी किती दूर जावे लागेल, याचे ते उत्तर असते.

आता दंडाच्या इतिहासाकडे वळू. आपल्या देशातील याविषयीचा एक अतिप्राचीन नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात श्री. आर. शामशास्त्री यांच्या हाती आली, आणि १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. त्यात कारागिरांविषयी नियम असा की, ठरलेल्या काळी, ठरलेल्या स्थळी आणि ठरलेल्या रीतीने त्यांनी काम पुरे करावे. काळवेळ ठरलीच नव्हती अशी सबब सांगून जो काम लांबणीवर टाकील त्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि शिवाय मजुरीच्या दुप्पट दंड करावा. शिक्षा कठोर खरी. पण त्याच वाक्यात कौटिल्य एक अपवाद ठेवतो: संकट किंवा आपत्ती आली असेल तर हा दंड नाही. श्रोतेहो, आजच्या कोणत्याही सरकारी करारनाम्यात अतिवृष्टी, भूकंप, दंगा यांसाठी जे मुदतवाढीचे कलम असते, त्याचे हे मूळ रूपच नव्हे काय? दंड करावयाचा, पण ज्यात माणसाचा दोष नाही त्याबद्दल करावयाचा नाही, हे तत्त्व कागदी निविदांहून कितीतरी जुने आहे.

दंडाचा भार शेवटी कोणावर पडतो, हे मात्र ग्रंथांतून कळत नाही. ते पाहावयाचे तर बोरघाटात जावे लागते. मुंबईहून पुण्याकडे लोहमार्ग चढविण्याचे काम १८५६ साली सुरू झाले. मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला तिच्या भांडवलावर शेकडा ५ टक्के उत्पन्नाची हमी सरकारने दिली होती. म्हणजे काम महाग झाले किंवा लांबले तरी भागीदारांचे व्याज सुखरूप होते. ओझे होते ते ठेकेदारावर. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याने ठेका पोटठेकेदारांत वाटून दिला. त्यांनी मजुरांची मजुरी थकविली. १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, पण हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडून न देता अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्था देऊन काम चालविले. १८६१ साली या घाटावर ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. १८६३ साली सुमारे १५ मैलांचा तो चढ गाड्यांसाठी खुला झाला. या कथेतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपून ठेवावी. वरच्याने खालच्यावर टाकलेला दाब तेथेच थांबत नाही. तो उतरत उतरत अखेर पाटी वाहणाऱ्याच्या डोक्यावर येतो. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी मुंबईत आणखी एक मोठे काम सुरू झाले. तेही विद्यापीठाचेच. शेअरबाजारातील प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातेचे, राजाबाईंचे नाव द्यावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि दात्याचेच दिवाळे निघाले. देणगी मात्र विद्यापीठाच्या हाती पडलेली होती. १ मार्च १८६९ रोजी पायाचा दगड बसला. आराखडा विलायतेतील सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, ज्यांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही. काम पुरे झाले १८७८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे साडेनऊ वर्षांनी, आणि खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. आज २८० फूट उंचीच्या त्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहताना साडेनऊ वर्षांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. वास्तूला दीर्घ आयुष्य लाभले की तिचा विलंब विसरला जातो. परंतु १८७० साली पदवीधर झालेल्या तरुणाला त्या ग्रंथालयात एक दिवसही बसता आले नाही, हेही तितकेच खरे. आमच्या बायबलात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा एक दृष्टांत आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा त्याचा आशय. मला वाटते, त्या हिशेबात पैशांच्या रकान्याशेजारी वर्षांचाही एक रकाना असावयास हवा.

तो रकाना सरकारी कागदात आला तो सार्वजनिक बांधकाम खात्याच्या छापील करारनाम्यांतून. मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात हे नमुने 'बी-वन' आणि 'बी-टू' या नावांनी प्रसिद्ध होते, आणि महाराष्ट्रात ती नावे पुढेही चालू राहिली. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातील सरकारी कामे याच मुंबई राज्याच्या खात्याखाली होत. या नमुन्यातील दुसरे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. त्याचा मथितार्थ असा: मुदतीचा चौथा हिस्सा सरला की कामाचा चौथा हिस्सा झाला पाहिजे, निम्मी मुदत सरली की निम्मे काम, पाऊण मुदतीला पाऊण काम. यात ठेकेदार चुकला तर दर दिवसाला अंदाजित खर्चाच्या शेकडा १ टक्का, किंवा अधीक्षक अभियंता ठरवील ती त्याहून लहान रक्कम, त्याने भरपाई म्हणून द्यावी. आणि या सर्व भरपाईची एकूण मर्यादा शेकडा १०.

आता थोडे अंकगणित करू. दिवसाला पूर्ण १ टक्का लावला तर १० दिवसांत मर्यादा गाठली जाते. अकराव्या दिवसापासून ठेकेदाराला आणखी गमवावयाचे काही उरत नाही. सापाचे विष एकाच दंशात संपावे तसा हा प्रकार. म्हणूनच 'किंवा त्याहून लहान रक्कम' हे शब्द तेथे घातलेले असावेत. पण त्यामुळे दंड किती हे करारावर न राहता अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. आणि मर्जीवर राहिलेला दंड एकतर माफ होतो, नाहीतर न्यायालयात जातो.

तो न्यायालयात गेला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९५५ च्या जुलै महिन्यात, आपला जिल्हा मुंबई राज्यात असतानाच, त्या राज्याच्या सरकारने नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलाशी, आळंदी नदीवरून पाणी नेणारा जलसेतू बांधण्याचे काम हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या भागीदारी संस्थेला दिले. अंदाजित खर्च १ लाख ७ हजार रुपये, मुदत १२ महिने. काम सुरू करण्याचा हुकूम निघाला तो ऐन पावसाळ्यात. ठेकेदाराचे म्हणणे असे की, पाऊस जोराचा होता, कामाच्या जागी वाहने पोचण्याजोगा रस्ता नव्हता. मुदतीत काम झाले नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये खात्याने करार रद्द केला आणि अनामत रक्कम जप्त केली. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १९७९ च्या जानेवारीत. १२ महिन्यांच्या कामाचा वाद २२ वर्षांहून अधिक काळ चालला.

निकालपत्र न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी लिहिले. त्यातील विचारसरणी मोठी उद्बोधक आहे. करारात मुदत लिहिली म्हणून मुदत हाच कराराचा प्राण ठरत नाही. ज्या करारात उशिराबद्दल दिवसागणिक दंड ठेवलेला आहे आणि मुदतवाढीचीही सोय आहे, त्या कराराने उशीर होऊ शकतो हे आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून मुदत टळताच करार मोडता येणार नाही. सरकारने आधी नवी, वाजवी मुदत द्यावी, ती शेवटची आहे असे बजावावे आणि तीही टळली तर मग करार रद्द करावा. येथे तसे झाले नव्हते. करार रद्द करणे बेकायदेशीर ठरले आणि अनामत रक्कम परत देण्याचा हुकूम झाला. म्हणजे पाहा, दंडाचे कलम ठेकेदाराला धाक घालण्यासाठी लिहिले, आणि न्यायालयात तेच त्याच्या कामी आले!

याच्या मागे आपला १८७२ चा करारविषयक कायदा आहे. त्याच्या ७४ व्या कलमाने इंग्रजी कायद्यातील एक जुना घोळ मिटविला. इंग्रज न्यायाधीश पूर्वठरावाने लिहिलेल्या रकमेचे दोन प्रकार करीत: नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर तो चालेल, पण नुसता धाक दाखविण्यासाठी लिहिलेला दंड असेल तर चालणार नाही. आपल्या कायद्याने सांगितले की, नाव काहीही द्या, करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई मिळेल, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा राहील. १९६३ साली फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पक्के केले. १९६९ साली मौला बक्ष या पुरवठादाराचा खटला निघाला. त्याने लष्कराला बटाटे, अंडी, मासळी पुरविण्याचा ठेका घेतला होता आणि तो पाळला नाही. सरकारने अनामत जप्त केली. न्यायालय म्हणाले, बटाटे बाजारातून आणले असतील तर जादा किती पैसे पडले ते दाखवा. सरकारला ते दाखविता आले नाही, आणि अनामत परत करावी लागली.

बटाट्याचा भाव बाजारात कळतो. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एक वर्ष उशीर झाला तर त्याचा भाव कोणत्या बाजारात विचारावा? खरा पेच येथे आहे. या पेचाचे एक चमत्कारिक उत्तर इंग्लंडच्या उमरावसभेने विसाव्या शतकाच्या आरंभीच दिले होते. स्पेनच्या सरकारने १८९६ साली स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याला चार युद्धनौका बांधावयास सांगितल्या. उशीर झाल्यास प्रत्येक नौकेमागे दर आठवड्याला ५०० पौंड, असा करार होता. नौका पुष्कळ उशिरा मिळाल्या. दरम्यान १८९८ साली अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनच्या आरमाराचा धुव्वा उडाला. कारखानदारांनी मोठी खुबीदार सबब पुढे केली. नौका वेळेवर दिल्या असत्या तर त्याही बुडाल्या असत्या, तेव्हा उशिराने तुमचे नुकसान काय झाले? न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली नाही. ते म्हणाले, युद्धनौका भाड्याने चालविण्यासाठी नसते. ती वेळेवर नसण्याने राष्ट्राचे जे नुकसान होते ते पैशांत मोजणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच तर दोन्ही पक्षांनी आधी आकडा ठरविला. तो आता द्यावाच लागेल.

विद्यापीठाच्या इमारतीला हे तत्त्व जितके लागू पडते तितके थोड्याच गोष्टींना लागू पडेल. प्रयोगशाळा वेळेवर नसण्याने विद्यापीठाचा नफा बुडत नाही, कारण नफा हा त्याचा हेतूच नव्हे. बुडते ते विद्यार्थ्याचे वर्ष. ते कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००३ साली, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि सॉ पाइप्स यांच्या वादात, नुकसान सिद्ध करणे कठीण असेल तेथे प्रामाणिकपणे आधी ठरविलेली रक्कम मान्य करावी असे म्हटले. २०१५ च्या कैलासनाथ खटल्यात मात्र त्याने हेही बजावले की, मुळात नुकसानच झाले नसेल तर भरपाई मागता येणार नाही. दोन्ही वचने एकत्र वाचली की विद्यापीठाच्या कारभाऱ्याला धडा मिळतो तो असा: दंडाचा आकडा हवेतून काढू नये. भाड्याच्या खोल्यांचा खर्च, वसतिगृहाअभावी मुलांना पडणारा भुर्दंड, बंद पेट्यांत पडून राहिलेल्या यंत्रांची खराबी, यांचा हिशेब करारापूर्वीच कागदावर मांडून ठेवावा.

ही झाली दंडाची बाजू. आता बक्षिसीची.

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला भूकंपाचा धक्का बसला आणि सांता मोनिका नावाच्या वर्दळीच्या महामार्गाचे पूल कोसळले. सरकारने पुनर्बांधणीला १४० दिवसांची मुदत दिली आणि करारात लिहिले की, एक दिवस उशीर झाला तर २ लाख डॉलर दंड आणि एक दिवस आधी झाले तर २ लाख डॉलर बक्षीस. ठेकेदार मायर्स याने रात्रंदिवस काम चालवून ६६ दिवसांत रस्ता खुला केला. ७४ दिवस वाचले आणि बक्षिसाची रक्कम झाली सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ मूळ ठेक्याएवढीच. पुष्कळांनी डोळे विस्फारले. पण रस्ता बंद राहण्याने शहराचे रोज होणारे नुकसान त्याहून मोठे होते, आणि तो हिशेब आधीच झालेला होता.

आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या करारनाम्यातही असे एक कलम आले. मुदतीआधी काम पुरे करणाऱ्यास निविदेच्या रकमेवर दरमहा १ टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के. मात्र त्याला एक अट आहे. त्या त्या कामाच्या परिशिष्टात हे कलम लागू असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल तरच बक्षिसी मिळावयाची. दंडाचे कलम मात्र सदैव हजर. यात आपल्या समाजाचा एक जुना स्वभाव प्रकट होतो. चुकलेल्याला छडी द्यावयास आपण सदैव सिद्ध असतो. चांगले काम करणाऱ्याच्या पाठीवर थाप मारताना मात्र हात आखडतो. ही कबुली देताना मी माझ्या वर्गातील वर्तनही आठवीत आहे.

तथापि बक्षिसी हा रामबाण उपाय आहे असे मात्र मला सांगावयाचे नाही. तिचे दोन धोके आहेत. पहिला धोका घाईचा. काँक्रीट ओतले की दुसऱ्या दिवशी ते टणक दिसते, पण त्याची ताकद २८ दिवसांनी मोजतात, आणि तोवर, विशेषतः पहिले काही दिवस, त्यावर पाणी मारावे लागते. पाणी मारण्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि घाई झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. ज्या छताखाली पन्नास वर्षे मुले बसावयाची, ते आठ दिवस आधी झाले म्हणून कोणी बक्षीस द्यावे आणि पाचव्या पावसाळ्यात ते गळावे, यात शहाणपण नाही. म्हणून बक्षिसीचा काही भाग दोन-तीन पावसाळे राखून ठेवावा, असे मला वाटते. बेळगाव-खानापूरचा पाऊस हा कोणत्याही ओव्हरसियरपेक्षा कडक परीक्षक आहे.

दुसरा धोका बोरघाटाने दाखविलेला. बक्षिसी ठेकेदाराला मिळते, पण दिवस वाचवितो तो मजूर. रात्रपाळी करणारा गवंडी, सळया वाकविणारा तरुण, डोक्यावर घमेले घेऊन परातीवर चढणारी वडार बाई, यांच्या पदरात त्यातले काय पडते? करारात बक्षीस लिहिताना त्यातला वाटा मजुरीत उतरला पाहिजे, असेही लिहावे. नाहीतर दंडाचा भार खाली आणि बक्षिसाचा लाभ वर, असा उलटा न्याय होईल.

आता एक गोष्ट अनुभवाची. काही वर्षांपूर्वी मी जेथे शिकवीत होतो त्या संस्थेने नव्या वर्गखोल्या बांधावयास काढल्या. त्या जूनपर्यंत होणार होत्या. त्या वर्षीची माझी दहावीची तुकडी व्हरांड्यात बसली. श्रावणाच्या सरी आत येत, मुली वह्या पदराखाली झाकीत आणि मी फळा कोरडा राखण्याच्या खटपटीत असे. आम्ही सारे ठेकेदाराला बोल लावीत होतो. पुढे मला समजले की, संस्थेनेच त्याची तीन देयके अडवून ठेवली होती आणि जिन्याचा नकाशा दोनदा बदलला होता. दंड कोणाला करावयाचा? ज्याने स्वतः वाट अडविली त्याला उशिराचा दंड मागता येत नाही, हे कायद्याचे तत्त्व मला पुष्कळ नंतर कळले. खोल्या झाल्या त्या पुढच्या वर्षी. ती तुकडी तोवर शाळा सोडून गेली होती.

यावरून मी त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर तयार केले आहे. उशिराची किंमत वसूल करावयाची असेल तर विद्यापीठाने प्रथम आपले हात स्वच्छ ठेवावेत. जमीन मोकळी करून द्यावी, नकाशे पुरे करूनच निविदा काढावी, देयके वेळेवर द्यावीत. पावसाळ्याच्या तोंडावर कामाचा हुकूम काढून बारा महिन्यांची मुदत मोजू नये. उशीर झाल्यास तो कोणामुळे झाला याची नोंद त्या त्या दिवशी करावी, कारण दोन वर्षांनी प्रत्येकाची स्मरणशक्ती आपापल्या सोयीची झालेली असते. दंड हळूहळू चढणारा असावा, एका दंशात संपणारा नसावा. आणि दंडासमोर, तितक्याच ठळक अक्षरांत, बक्षिसीचेही कलम असावे.

कर्नाटकाने १९९९ साली सार्वजनिक खरेदीत पारदर्शकता आणणारा कायदा केला, आणि निविदा उघड्या स्पर्धेने निवडण्याची रीत घालून दिली. ते योग्यच झाले. पण स्पर्धा जर केवळ सर्वांत कमी पैशांचीच राहिली, तर काळाचा भाव शून्य धरल्यासारखे होईल. निपाणीच्या आमच्या तंबाखूच्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. तयार झालेले पान वेळेवर घरात आले नाही, तर नंतर कितीही स्वस्तात तोडले तरी त्याची प्रत परत येत नाही.

मुलांचे तसेच आहे. इमारत उशिरा झाली तरी कधीतरी होतेच, आणि मग तिच्यापुढे फीत कापली जाते, भाषणे होतात, मागचा उशीर विसरला जातो. राजाबाई मनोऱ्याचाही विसरला गेला. परंतु प्रत्येक उशिरामागे एक तुकडी अशी असते की, जी त्या इमारतीत कधीच बसली नाही. तिचे नाव कोनशिलेवर नसते आणि तिच्या नुकसानीचा दावा कोणत्याही न्यायालयात दाखल होत नाही. करारातील मुदतीचा तो एक आकडा लिहिताना लेखणी धरणाऱ्याने त्या तुकडीकडे एकदा पाहावे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. तो दंड त्याच्या तुकडीने भरला होता.